दगडफुलाकडे आधी नीट बघ

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तुझे शैवाकांचे, म्हणजे साली-कातळांवर वाढणाऱ्या त्या पापुद्र्यांचे, बावीसच्या बावीस फोटो पाहिले. चष्मा लावून, एकेक करून. छान आहेत, पण सगळे एकाच तऱ्हेचे छान आहेत. हिरवंगार काहीतरी, त्यावर पाण्याचे थेंब, मागे सगळं धुरकट. शैवाक आंब्यावरचं की कातळावरचं, हे मला एकाही फोटोवरून कळलं नाही.

अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स कोणती घेऊ, असं विचारलं आहेस. सध्या कोणतीच नको. सोनार वापरतात तसलं दहापटीचं भिंग आण आणि स्वयंपाकघरात जा. गोड्या मसाल्याच्या सामानात दगडफूल असेल. नावात फूल असलं तरी ते शैवाकच, म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा जोडसंसार. श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८६७ साली हे मांडलं, तेव्हा शैवाकांच्या जाणकारांनीच त्यांची खिल्ली उडवली होती.

एक तुकडा बशीत घेऊन खिडकीशी बस. वरून राखाडी, खालून काळा, कडा मुडपलेल्या. खालच्या अंगाला मुळांसारखे बारीक काळे धागे दिसतील. सालीला धरून राहायचं काम त्यांचं. आता दोन थेंब पाणी टाक. कडकडीत पापुद्रा मऊ पडतो. झाडावरच्या जिवंत शैवाकाचं तर रूपच पालटतं. ओलं झालं की वरचा थर पारदर्शक होतो आणि आतल्या शेवाळाचा हिरवा रंग वर येतो. तुझे सगळे फोटो हिरवे का, ते आलं ना लक्षात? तू भर पावसात गेलीस! एकाच ठिगळाचा कोरडा एक आणि ओला एक, असे दोन फोटो काढत जा.

तांत्रिक गोष्टी थोडक्यात सांगतो. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते तेव्हा, लेन्सचं छिद्र एफ ८ इतकं बारीक ठेवलंस तरी जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते. म्हणून कॅमेरा सालीला समांतर धर, ट्रायपॉड लाव, दोन सेकंदांचा टायमर ठेव. समोरून फ्लॅश मारलास की सगळे उंचसखल भाग सपाट होतात. उजेड बाजूने येऊ दे, प्रखर असला तर मध्ये बटर पेपर धर. बस्स.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी अख्ख्या झाडाचा एक फोटो, मग खोडाचा, मग ठिगळाचा शेजारी पट्टी ठेवून, आणि सगळ्यात शेवटी तुझा तो जवळचा. हे मी फजिती होऊन शिकलो. महाबळेश्वरला एका खोडावर काळ्या, वळणदार रेघा दिसल्या, कोणी सालीवर मोडी लिहावी तशा. त्या रेघांतच त्या शैवाकाचे बीजाणू तयार होतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. फोटो काढला आणि वर शहाणपणा म्हणून सालीचा तुकडाही सोलून आणला. पुण्यात एका जाणकार बाईंना दाखवला. त्यांनी एवढंच विचारलं, "झाड कोणतं?" मला सांगता येईना. काही पापडीसारखी शैवाकं वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत; मी किती वर्षं खरवडून आणली होती कोण जाणे. तेव्हापासून चाकू घरी ठेवतो.

कासच्या पठारावर जाणार आहेस म्हणे. तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं या इवल्याशा रोपांसाठी पालथं पडायचा मोह होईल. पडू नकोस. पायवाटेवरून जेवढं मिळेल तेवढंच घे, कारण कोपराखाली काय चिरडलं ते फोटोत येत नाही. (माझे जुने काही फोटो म्हणूनच मी कोणाला दाखवत नाही.)

तुमच्या सोसायटीच्या फाटकाशी आंबा आहे ना? त्याच्या खोडावरचं एक ठिगळ नक्की कर आणि दर महिन्याला त्याच अंतरावरून, पट्टी लावून एक फोटो काढ. कंटाळा येईल. आला तरी दिवाळीपर्यंतचे सगळे मला पाठव. दिवाळीनंतर मी महाबळेश्वरला जाणार आहे. येणार असशील तर भिंग स्वतःचं आण, माझं मी देत नाही.

तुझा,
काका