एक लिटर म्हणजे एक किलो, हे सर्व पदार्थांना लागू पडते का?

आपण विचारले आहे की, एक लिटर म्हणजे एक किलो हे समीकरण तेल, मध, पीठ, साखर यांनाही लावता येते का, आणि येत नसल्यास हिशेब कसा करावा. हे समीकरण फक्त पाण्याचे आहे आणि तेही योगायोगाने जुळलेले नाही. फ्रान्समध्ये 1795 साली ग्रॅमची व्याख्याच एक घन सेंटीमीटर पाण्याच्या वजनावरून करण्यात आली. 1901 ते 1964 या काळात तर एक किलो पाणी जितकी जागा व्यापते तिलाच लिटर म्हणत असत. इतर पदार्थांनी या नात्यात बसावे असे काही कारण नाही.

द्रवांचा हिशेब सोपा आहे. मिलिलिटरला घनतेने, म्हणजे एक मिलिलिटर पदार्थ जितके ग्रॅम भरतो त्या आकड्याने, गुणले की ग्रॅम मिळतात आणि ग्रॅमला घनतेने भागले की मिलिलिटर. खाद्यतेलाची घनता साधारण 0.92 असते, म्हणून लिटरभर तेल सुमारे 920 ग्रॅम भरते आणि अर्धा किलो तेलाला साधारण 543 मिलिलिटरचे भांडे लागते. दुधाची घनता 1.03 च्या आसपास आहे, म्हणजे तेथे पाण्याचा हिशेब लावला तरी फारसे बिघडत नाही. मधाची मात्र सुमारे 1.42 असल्यामुळे पाव लिटर मध जवळजवळ 355 ग्रॅम होतो.

खरी अडचण कोरड्या पदार्थांची आहे आणि कपाचे ग्रॅम सांगणारी बहुतेक तयार कोष्टके नेमकी येथेच फसवतात, असे माझे मत आहे. साखरेच्या एका स्फटिकाची घनता सुमारे 1.59 असते, पण वाटीत स्फटिकांबरोबर त्यांच्यामधली हवाही मोजली जात असल्याने वाटीभर दाणेदार साखरेची घनता 0.85 च्या जवळपास येते. दाणे जितके एकसारखे, तितका हा आकडा भरवशाचा. पिठात ही हवा दर वेळी वेगळी असते: 250 मिलिलिटरच्या त्याच कपात चाळून अलगद भरलेला मैदा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास राहतो, तर दाबून भरलेला सहज दीडशेच्या पुढे जातो. येथे चूक कोष्टकाची नसते, भरण्याच्या पद्धतीची असते, आणि शिगोशीग भरलेल्या कपाबद्दल तर कोणतेच कोष्टक काही सांगू शकत नाही.

म्हणून मी स्वतः पिठासाठी कोष्टक वापरत नाही. आपल्या नेहमीच्या भांड्यात आधी पाणी काठोकाठ भरून फक्त पाण्याचे वजन करावे. जितके ग्रॅम भरतील तितके मिलिलिटर त्या भांड्याचे माप धरावे, कारण नेहमीच्या तापमानाला यातील फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. मग तेच भांडे कोरडे करून त्यात पीठ आपल्या सवयीप्रमाणे तीन वेळा भरावे, दर वेळी सुरीने सपाट करून तोलावे आणि तिन्ही वजनांची सरासरी लिहून ठेवावी. त्या भांड्यापुरता आणि आपल्या हातापुरता तो आकडा कोणत्याही छापील आकड्यापेक्षा खरा असतो.