स्वयंपाकाला नव्याने सुरुवात करताना

स्वयंपाक शिकायला सुरुवात करताना कोणती भांडी घ्यावीत, असे विचारत आपण पाठवलेली यादी वाचली. त्यातली निम्मी भांडी सध्या घेऊ नयेत, असे मी मनापासून सुचवेन. १५ ते २० सेंटिमीटर पात्याची धारदार सुरी, चिरण्यासाठी लाकडी पाट, जाड बुडाची कढई, झाकणाचे एक पातेले आणि मापाचे चमचे एवढ्यावर रोजचा स्वयंपाक उत्तम निभतो.

सुरीच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, ती कांद्याच्या गुळगुळीत पाठीवरून घसरते आणि बोट कापते. कांदा आधी उभा दोन भागांत कापून त्याची सपाट बाजू पाटावर टेकवा, धरणाऱ्या हाताच्या बोटांची टोके आत वळवा आणि पाट सरकू नये म्हणून त्याखाली ओले फडके पिळून पसरा.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक आचेची असते. कढई नीट तापण्याआधीच ती काठोकाठ भरेल इतकी भाजी टाकली जाते. मग भाजीला पाणी सुटते आणि ते आटेपर्यंत तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर जात नसल्याने भाजी परतली न जाता लिबलिबीत शिजते. म्हणून भाजी कढईत टाकण्याआधी निथळून घ्या आणि दोन खेपांत परता. फरक पहिल्याच दिवशी चवीत कळेल.

मीठ आधी निम्मेच घालून चाखावे. उरलेले अन्न २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. बाकीची तंत्रे सध्या बाजूला ठेवा आणि पहिला महिना तीनच पदार्थ पुन्हा पुन्हा करा.