वस्तू हलवू नकोस, तू हल

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो पोचले. आजीच्या स्वयंपाकघराचे दोन फोटो तू मुद्दाम एकाखाली एक ठेवलेस. एकात पाटा-वरवंटा आणि त्याला खेटून मिक्सर. दुसऱ्यात मिक्सर उचललेला, त्या जागी पितळेची कळशी. फोटोग्राफीच्या शिबिरातल्या सरांनी दुसऱ्याला शाबासकी दिली, 'आता फ्रेम स्वच्छ झाली' म्हणाले. तुला मात्र पहिला सोडवत नाही. बरोबर कुठला, असं विचारतेस.

पहिला. यात विचार करण्यासारखं काही नाही.

त्या मिक्सरवर आजीने जुन्या परकराचा तुकडा घातलाय, बघितलास ना? पावसाळ्यात आपल्याकडे वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो. लाईट असेल तर वाटप मिक्सरवर, नसेल तर पाट्यावर, म्हणून दोन्ही हाताशी. आजीचा अख्खा पावसाळा त्या दीड हाताच्या जागेत आहे, आणि तो तुझ्या पहिल्या फोटोत आलाय. दुसऱ्यात काय आहे? पाटा, कळशी आणि तुझा हात. त्या कळशीत पाणी तरी होतं का?

दुसरा फोटो फाडू नकोस. त्याच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेव, 'मिक्सर मी हलवला होता.' आणखी तीस वर्षांनी तो कोणाच्या हाती पडला तर त्याची फसगत व्हायला नको.

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि पत्रभर तीच सांगणार आहे. वस्तू हलवू नकोस, तू हल. खाली बस, ओट्याला पाठ टेक, दारात जा, परत ये. उंबऱ्यावर बसून बघितलं की पाट्यामागची भिंत वेगळीच दिसते. दोन पावलं डावीकडे सरकलीस की खिडकीचा उजेड वरवंट्याच्या कडेवर येतो. फोनचा नेहमीचा कॅमेरा रुंद बघतो, जवळ गेलीस की पुढची वस्तू फुगते आणि मागचं सगळं लहान होतं. मग तुला वाटतं की मांडणीत गोंधळ आहे. मांडणीत गोंधळ नाही, तू फार जवळ उभी आहेस. मागे सर. दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापर. आणि थांब. तुमच्या माजघराच्या छपरात एक काचेचं कौल आहे, मी बघितलंय. त्यातून पडणारा कवडसा सकाळपासून दुपारपर्यंत भिंतीवरून उतरत जमिनीवर येतो. तो पाट्यावर केव्हा येतो हे तुला ठाऊक आहे का? आजीला नक्की ठाऊक असेल. पाटा उचलून उजेडात नेणं सोपं आहे, गं. उजेड पाट्यापाशी येईपर्यंत बसून राहणं, हेच तर शिकायचं आहे.

'पण मावशी, प्लास्टिक किती वाईट दिसतं,' असं तू लिहिलंस. निळी ताडपत्री, रंगीत टब, पत्र्याची शेड. जुनं कोकण हवंय तुला. मग तुझ्या मनातलं जुनं कोकण किती जुनं ते सांग. ज्या लाल मंगलोरी कौलांवर सगळे जीव टाकतात, त्यांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला काढला तो १८६५ साली. त्याआधी इथे नळ्यांची कौलं होती, आणि गरिबाच्या घरावर गवत. ही कारखान्यातली, एका साच्याची कौलं नवी नवी आली तेव्हा कोणाच्या तरी डोळ्यांना तीही खुपली असतीलच. आणि पत्र्याचं म्हणशील तर ३ जून २०२० आठव. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं, इकडे दापोली-मंडणगडपर्यंत माड-पोफळी आडव्या झाल्या, कौलं पानांसारखी उडाली. पाऊस तोंडावर होता. लोकांनी मिळेल तो पत्रा, मिळेल ती ताडपत्री घातली आणि घर वाचवलं. तो पत्रा तुला फ्रेममधून वगळायचा आहे? त्या घराच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना तोच तर सांगतोय!

राग मानू नकोस. मला हे तुझ्यावर चिडून नाही लिहायचं. तुझी नजर चांगली आहे, म्हणून जीव तुटतो. त्या एसटीच्या खिडकीच्या गजांवर वाळत घातलेल्या पंचाच्या फोटोपाशी मी कितीतरी वेळ थांबले. तो पंचा तू सरळ केला नाहीस, गजात चुरगळला होता तसाच घेतलास. हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. शिबिरात जाऊन तेच विसरून येणार असशील तर शिबिरात जाऊ नकोस.

तू टॅल्बटचं, त्या सुरुवातीच्या काळातल्या इंग्रज फोटोग्राफरचं, उदाहरण दिलंस. फोटोग्राफी जेमतेम पाच वर्षांची होती, तेव्हा १८४४ साली त्याने उघड्या दाराला टेकलेल्या खराट्याचा फोटो काढला, आणि तो खराटा मुद्दाम तसा ठेवलेला होता. खरं आहे. अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टनने १९३० साली ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचा फोटो घेतला, तेही खरं आहे. पण टॅल्बटचं दार त्याच्या स्वतःच्या वाड्यातलं होतं आणि वेस्टनच्या मिरचीला कोणाचं घर नव्हतं. त्यांनी मांडून ठेवलं आणि मांडलेल्याचाच फोटो काढला, त्यात लपवाछपवी काही नव्हती. तू दुसऱ्याच्या पडवीत पाहुणी म्हणून जातेस, आणि फोटोखाली गावाचं नाव लिहितेस. गावाचं नाव लिहिलंस की तो गावाचा जबाब झाला. जबाबात स्वतःची वाक्यं घालायची नसतात.

हे न पाळल्याने काय होतं ते आर्थर रॉथस्टीनला विचारावं. १९३६ साली अमेरिकेत दुष्काळ पडला होता आणि हा सरकारतर्फे फोटो काढत हिंडत होता. साउथ डाकोटात त्याला गुराची एक कवटी सापडली. ती काही फूट हलवून त्याने पुन्हा फोटो घेतले. दुष्काळ खरा, कवटी खरी, जमीनही खरी. पण ती हलवल्याचं बाहेर आलं, ऐन निवडणुकीच्या दिवसांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या विरोधी वर्तमानपत्रांनी बोंब ठोकली, आणि सरकारचे सगळेच दुष्काळी फोटो बनावट म्हणून हिणवले गेले. हलवलेली वस्तू एक, आणि तिने न हलवलेल्या शेकडोंची साक्ष घालवली. म्हणून म्हणते, हात लावू नकोस.

मला इथे सगळे हट्टी म्हणतात, ते तुझ्याही कानावर आलं असेल. एकदा मी एका स्पर्धेला विहिरीचा फोटो पाठवला होता. जांभ्याची विहीर, रहाट, आणि कठड्यावर पिवळी प्लास्टिकची बादली. परीक्षक म्हणाले, बादली नसती तर पहिला नंबर होता, अजून वेळ आहे, पुन्हा काढून पाठवा. मी नाही पाठवला. पुढे कुठल्याच स्पर्धेला पाठवला नाही. घरच्यांना तो मूर्खपणा वाटला, काहींना अजून वाटतो. पण तो फोटो मी त्या घरी नेऊन दिला तेव्हा काय झालं ऐक. घरातल्या म्हाताऱ्या काकूंनी विहिरीकडे बघितलंसुद्धा नाही. बादलीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, 'ही आमच्या धाकटीच्या बाळंतपणात आणलेली.' मग त्या दिवसांबद्दल बोलतच राहिल्या. विहिरी काय, गावात सगळ्यांच्या सारख्याच. ते घर ओळखू आलं बादलीमुळे. परीक्षकांना पहिला नंबर द्यायचा होता, मला त्या काकूंना त्यांची बादली द्यायची होती. मी बरोबर होते. आजही तेच करीन.

भिंतीवरच्या कालनिर्णयाचंही तसंच. तुझ्या तीन फोटोंत तू ते कापून टाकलंयस, मला कडेची पट्टी दिसते आहे. मालवणच्या जयंत साळगावकरांनी १९७३ पासून काढलेलं ते कॅलेंडर आपल्याकडे दर घरात खिळ्याला असतं, आणि त्याच्यासारखा साक्षीदार नाही. महिना कळतो, वर्ष कळतं, चौकोनात लिहिलेला दुधाचा हिशेब कळतो, सिलिंडर कधी लावला ते कळतं. माझ्या जुन्या फोटोंपैकी कित्येकांचं साल मला त्या कॅलेंडरच्या पानावरून लागलंय. आणि तू त्याला कचरा म्हणून बाहेर काढतेस! आता तर फोनमध्ये बोट फिरवून नको ती वस्तू पुसून टाकायची सोय आहे म्हणे. ती वापरलीस तर मला फोटो पाठवू नकोस. खरंच सांगते.

माणसांना तर मुळीच हलवायचं नाही. हर्णैच्या लिलावात तू टोपलीवालीला 'परत एकदा उचला ना' म्हणालीस, तसं तूच लिहिलंयस. अगं, ती तिथे मासळी विकायला बसली आहे. बोटी लागल्यावर बोली फार वेळ चालत नाही, त्या वेळात तिचा दिवस ठरतो. हुकलेला क्षण हुकू दे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा जा, तिसऱ्या दिवशी जा. हर्णैला माल उतरवायला पाण्यात बैलगाड्या घालत, ते ज्यांनी टिपलं ते असेच रोज जाऊन उभे राहणारे लोक होते.

राजापूरकडे कातळशिल्पं बघायला निघाली आहेस ना? बारसूला जा, देवाचे गोठणेला जा, वाटेत कशेळीचा हत्ती बघ. त्या प्रचंड हत्तीच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यामुळे कॅमेरेवाले वाढलेत. काही जण रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू भरतात. भर दुपारी जातात आणि मग काही दिसत नाही म्हणून दगडालाच रंगवतात. तू तसं केलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. ऊन तिरपं असताना जा, सकाळी लवकर नाहीतर मावळतीला. तेव्हा खोबणीच्या एका काठाची सावली आत पडते आणि रेष आपोआप काळी होते. एका बाजूने दिसली नाही तर शिल्पाला वळसा घालून समोरून बघ, सावली आपल्याकडे येते तिथून ती जास्त उठते. कातळ हजारो वर्षं जागचा हललेला नाही. हलायचं आपणच.

आता माझ्या मनातलं एक. वडिलांचा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता, एका रोलमध्ये बारा फोटो. ते बारा लग्नामुंजींना पुरत नसत, मग पडवीतल्या इरल्यावर किंवा शिंक्यावर कोण खर्च करणार? चुलीपाशी बसलेली माझी आई माझ्याकडे एकाही फोटोत नाही. जी आहे ती शालू नेसून, खुर्चीत बसवलेली, फुलदाणी शेजारी आणून ठेवलेली. आमच्या घरात फुलदाणी नव्हती, स्टुडिओवाल्याची होती ती. त्या फुलदाणीकडे बघितलं की अजून घशाशी येतं. तिच्या हाताशी नेहमी असायची ती फुंकणी, ती राखेची वाटी, तेवढं मिळालं असतं तर मी बाकी सगळे फोटो देऊन टाकले असते. तुझ्याकडे आजी आहे आणि फोटोला पैसे पडत नाहीत. मग कळशी कशाला आणतेस मध्ये?

नव्या कॅमेऱ्याचं विचारलंस. घेऊ नकोस इतक्यात. आहे त्या फोनने वर्षभर तेच घर काढ, मग बोलू. काढलेल्यातले निवडक छापून घे, मागे गाव, तारीख, कोणाचं घर ते लिही, एक प्रत त्या घरी नेऊन दे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात जमलं तर इकडेच ये. १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे बोटी वर ओढायची, जाळी आवरायची गडबड असते. अंगणभर आमसुलं, आंब्याची साठं, फणसाच्या आठळ्या, सगळी पावसाळ्याची बेगमी वाळत पडलेली असते, निम्मी सुपात आणि निम्मी खताच्या पिशव्या उसवून अंथरलेल्या असतात त्यांवर. त्या पिशव्यांसकट काढायचं. आमच्या घरी राहा, फणसाची भाजी खाशील ना?

आजोबांची जुनी लेन्स चामड्याच्या पाकिटात ठेवली आहेस असं लिहिलंस, ते वाचून धसका घेतला. चामडं दमट हवा धरून ठेवतं आणि लेन्सला आतून बुरशी लागते. माझ्या निगेटिव्हची एक अख्खी पेटी अशीच पावसाळ्यात एकमेकींना चिकटून गेली, ती सुटली नाही. आजच लेन्स बाहेर काढ, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेव, पुड्या दमट झाल्या की बदल. बॅटरीच्या उजेडात काचेतून आरपार बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर स्वतः पुसू नकोस, तशीच माझ्याकडे आण. काय दिसलं ते लगेच कळव.

तुझी,
मावशी