पार्टिकल ११ मिनिटं सांगतात, हिशेब ३० सांगतो

प्रश्न : नमस्कार सर, एम.टेक. प्रोजेक्टसाठी क्लोरीन कॉन्टॅक्ट टँकचं (क्लोरीनला पाण्यात काम करायला वेळ देणारी टाकी) सीएफडी, म्हणजे प्रवाहाचं कॉम्प्युटर सिम्युलेशन, करतेय. टाकी ४५० घनमीटर, फ्लो मिनिटाला १५ घनमीटर, म्हणजे पाणी टाकीत राहण्याचा सरासरी वेळ ३० मिनिटं यायला हवा ना, पण इनलेटवरून पार्टिकल सोडून सरासरी काढली तर ११च येतात. मेश (गणितासाठी टाकीचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक केली, तरी तेच. चुकतंय कुठे?

उत्तर : मेशला सध्या सोडा. पार्टिकल ट्रॅकिंगच्या रिपोर्टमध्ये ‘इनकम्प्लीट’चा, म्हणजे आउटलेटपर्यंत न पोचलेल्या पार्टिकलचा, आकडा बघितलात का? बहुतेक तिथेच गोम आहे. जेटबरोबर सरळ आउटलेटला गेलेले पार्टिकल मोजले जातात, आणि कोपऱ्यातल्या भोवऱ्यात गरगरत राहिलेले, स्टेपची लिमिट संपली की सरासरीतून बाद, म्हणजे ज्यांनी सगळ्यात जास्त वेळ काढला तेच गायब. लिमिट वाढवून बघा, टर्ब्युलन्सचा रँडम वॉकही (खळबळीमुळे पार्टिकलला बसणारे कसेही धक्के) चालू ठेवा, पण मला विचाराल तर सरासरीसाठी पार्टिकलच्या नादी लागूच नका.

त्यापेक्षा पाण्याचं ‘वय’, म्हणजे टाकीत शिरून किती वेळ झाला, हा एक स्केलर (प्रत्येक जागी एक आकडा) सोडवा. सोर्स टर्म १ (फ्लुएंट सॉफ्टवेअरमध्ये यूडीएस, म्हणजे स्वतः जोडलेला स्केलर, घेतलात तर घनता), इनलेटला शून्य, भिंतींवर फ्लक्स शून्य, आणि डिफ्युजिव्हिटीत टर्ब्युलंट भाग विसरू नका, त्याचा टर्ब्युलंट श्मिट नंबर (टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी भागिले टर्ब्युलंट डिफ्युजिव्हिटी) ०.७ घेतात साधारण. ओपनफोम सॉफ्टवेअरवाल्यांना ‘एज’ नावाचं फंक्शन ऑब्जेक्ट तयारच मिळतं. मग आउटलेटवर फ्लोनुसार वेटेड सरासरी काढा, १८०० सेकंदांच्या आसपास यायलाच पाहिजे, नाही आली तर सोल्युशन कन्व्हर्ज झालेलं नाही किंवा सेटअपमध्ये काहीतरी राहिलंय.

पण ३० मिनिटं आली म्हणून लगेच खूश होऊ नका हं! टाकी कितीही वाईट डिझाइन केली तरी ही सरासरी तेवढीच येणार, ती फक्त तुमचा हिशेब बरोबर आहे एवढंच सांगते. मेलेला कोपरा कुठे आहे ते वयाच्या कंटूरमध्ये दिसेल. क्लोरीनसाठी खरा कामाचा आकडा म्हणजे टी-टेन, म्हणजे पहिलं १० टक्के पाणी किती वेळात बाहेर पडलं. त्यासाठी फ्लो फ्रीझ करा, इनलेटला ट्रेसर (पाण्याबरोबर वाहणारा खुणेचा पदार्थ) ० वरून १ करा आणि आउटलेटला ०.१ कधी होतो ते बघा, टाइम स्टेप लहान ठेवा. समजा ९ मिनिटं आली, तर ९ भागिले ३० म्हणजे ०.३, अमेरिकेच्या ईपीए या पर्यावरण संस्थेच्या तक्त्यात याला ‘पुअर’ बॅफलिंग (पाणी वळवणाऱ्या आडभिंतींची, म्हणजे बॅफलची, रचना) म्हणतात, ०.७ला ‘सुपीरियर’. गाईडना दोन-तीन बॅफल टाकून हा आकडा किती वाढतो ते दाखवा, प्रोजेक्टचा जीव तिथे आहे.