वडिलांचा जुना फिल्म कॅमेरा, मिनोल्टा एसआरटी १०१, सापडला, त्याची पाऱ्याची पीएक्स ६२५ बॅटरी (१.३५ व्होल्ट) कुठेच मिळत नाही. वॉशर लावून एलआर४४ (१.५ व्होल्टची अल्कलाइन) टाकली तर उजेड मोजणारं मीटर चालेल का?

चालेल की, सुई मस्त हलेल. तिथेच तर फसतो माणूस.

माझ्या चुलतभावाकडे, दादाकडे, हाच कॅमेरा. पाऱ्याच्या बॅटऱ्या मिळेनाशा झाल्यावर दादा म्हणाला, "१.३५ काय नि १.५ काय, एवढ्याने काय आभाळ कोसळतंय?" मी लहान, ऐकलं, अल्कलाइन टाकली आणि कॅमेरा घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलो. स्लाइड फिल्मचा (निगेटिव्ह नाही, थेट पॉझिटिव्ह) अख्खा रोल, ३६ फ्रेम, कोकणकडा, संध्याकाळ, सगळी गँग. धुऊन आल्या तर सगळ्या काळपट, कोण कुठला ओळखू येईना. व्होल्टेज जास्त म्हणून सुई जास्त वर जाते, आपल्याला वाटतं उजेड भरपूर आहे आणि आपण अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) बंद करत बसतो. दादाचं म्हणणं, तू मीटर आभाळाकडे धरलास. इतकी वर्षं झाली, घरात लग्न असलं की हा विषय निघतोच.

बरं, बॅटरी चेकला लावलं की सुई व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनी खुणेच्या पार पुढे जायची, तर हा म्हणे "बघ, किती स्ट्राँग आहे!" अरे स्ट्राँग नाही, चुकीची आहे ती! आणि अल्कलाइन वापरात उतरत जाते, म्हणजे आजची चूक वेगळी, दोन महिन्यांनी वेगळी, एएसए (फिल्मच्या वेगाचा आकडा) बदलून तरी किती सांभाळणार.

तुम्ही मेडिकलमधून कानाच्या मशीनची ६७५ नंबरची आणा, निळ्या स्टिकरवाली, तिचं व्होल्टेज पाऱ्याच्या बॅटरीच्या जवळ असतं. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्या, रबरी रिंग घालून मधोमध बसवा, फक्त बॅटरीवरची हवेची भोकं झाकू नका. मग भर दुपारी उन्हात १०० एएसएला १/१२५ सेकंद आणि अ‍ॅपर्चर एफ १६ च्या आसपास येतंय का बघा. दादालाही आता कानाची मशीन आलीये, तीही ६७५ वालीच. दिवाळीत त्याच्याच पाकिटातली एक त्याच्याच मिनोल्टात घातली, सुई बरोबर चौकोनावर. दाखवलं तर म्हणाला, "काय? ऐकू नाही आलं."

हां, एकदा स्टिकर काढलं की ही बॅटरी वापरा न वापरा, दोनेक महिन्यांत संपते. आणि दादाचे निगेटिव्हवरचे फोटो बरे यायचे हे खरंय, पण ते लॅबवाला प्रिंट करताना सांभाळून घ्यायचा म्हणून. पेंटॅक्स स्पॉटमॅटिक असेल तर मात्र वरचं सगळं विसरा, त्याच्या सर्किटला व्होल्टेजने फरक पडत नाही.