बाळाची अवस्था बाळंतिणीपासून लपवू नका: माझ्या चुकीवरून सांगतो

आपण लिहिले आहे की, ३१व्या आठवड्यात जन्मलेले आपले १३०० ग्रॅम वजनाचे बाळ साताऱ्यात अतिदक्षता कक्षात आहे, सिझेरियन झालेली पत्नी कराडच्या दवाखान्यात आहे, आज तिसरा दिवस आहे, आणि ‘ओली बाळंतीण आहे, तिला काही कळू देऊ नका’ असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. तर तिला सांगावे की नाही? माझे उत्तर असे की, आजच सांगावे. नऊ वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्यापुढे होता आणि मी तो चुकीचा सोडवला, म्हणून इतक्या ठामपणे लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. औषध, ऑक्सिजन, नळी यांबाबत आपल्या डॉक्टरांचा शब्दच अंतिम मानावा.

आमचा मुलगा तासगावला जन्मला, वजन १२४० ग्रॅम. त्याला श्वास घेणे जड जात असल्यामुळे तासाभरातच रुग्णवाहिकेतून मिरजेला हलवले. मी त्याच्याबरोबर गेलो, माझी आई आणि बहीण पत्नीजवळ राहिल्या. त्या रात्री कक्षातील सिस्टरांनी मला दोनच गोष्टी विचारल्या: बाळाची आई कशी आहे, आणि तिचा चीक आणता येईल का. मी सांगून टाकले की तिला अजून उठता येत नाही, पावडरचे दूध चालत असेल तर तेच द्या. असे सांगण्यापूर्वी मी पत्नीला विचारले नव्हते, तिच्या डॉक्टरांनाही विचारले नव्हते. तिला आम्ही एवढेच कळवले होते की बाळ थोडे अशक्त आहे म्हणून काचेच्या पेटीत ठेवले आहे, दोन दिवसांत आणू.

तिसऱ्या दिवशी तिचे दूध दाटून आले, छाती दगडासारखी झाली आणि अंगात ताप भरला. तेथील आयाबाईंनी दूध काढून दिले आणि मोरीत ओतले. पुढचे दोन दिवस हेच चालले. त्याच वेळी मिरजेत सिस्टर त्याच दुधाच्या अर्ध्या-एक मिलिलिटरसाठी मला रोज विचारत होत्या आणि मी रोज तेच उत्तर देत होतो. तासगावच्या त्या दवाखान्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण पत्नीची सिझेरियनची शस्त्रक्रिया त्यांनी उत्तम केली होती. पण जिचे बाळ दुसऱ्या गावी नळ्यांवर आहे, तिच्या खाटेजवळ बसून चार शब्द बोलावेत आणि दूध काढून पाठवायला सांगावे, असे तेथे पाच दिवसांत एकालाही सुचले नाही, याचा राग मला आजही आहे. तरीही मोठी चूक माझीच होती, कारण विचारणारी सिस्टर आणि दूध असलेली आई या दोघींच्या मध्ये मी उभा होतो.

पाचवीच्या दिवशी घरी पाटा-वरवंटा पुजला, आणि त्याच दुपारी भेटायला आलेल्या एका दूरच्या नातेवाईक बाईंनी पत्नीला सहज विचारले, “व्हेंटिलेटर काढला का हो?” तिला हे असे कळले. दुसऱ्या दिवशी टाक्यांसह ती गाडीत बसली. वाटेत ती मला एकच वाक्य बोलली: “तुम्ही सगळ्यांनी मिळून मला बाहेर ठेवलंत.”

मिरजेत ती कक्षाच्या दारातच थिजली. सिस्टरांनी तिला खुर्ची दिली, कोपरापर्यंत हात धुवायला लावले आणि प्रत्येक नळी कशासाठी आहे हे एकेक करून सांगितले. मॉनिटर वाजला की घाबरू नका, पुष्कळदा पायाला लावलेली पट्टी नुसती सरकलेली असते, असेही समजावले. मग म्हणाल्या, “हात फिरवू नका, नुसता ठेवा. एक डोक्यावर, एक पावलांवर.” इतक्या कमी दिवसांच्या बाळाच्या त्वचेला चोळलेले, थोपटलेले सोसत नाही, स्थिर हाताची ऊब मात्र सोसते, हे आम्हाला तेव्हा कळले. रक्त घेण्यापूर्वी सिस्टर बाळाला तसे सांगत, आणि आईला त्याच्या गालात आपल्या दुधाचे थेंब सोडू देत, कारण त्याने टोचण्याची वेदना कमी होते. सुईची वेदना एवढ्याशा जिवाला कळत नाही असे पूर्वी डॉक्टरसुद्धा मानत. १९८७ साली आनंद आणि हिकी या दोन डॉक्टरांच्या नवजात बाळांच्या वेदनेवरील लेखाने त्या समजाला मोठा धक्का दिला.

पत्नीचे दूध तोवर आटत आले होते. ते पुन्हा पुरेसे येण्यास बारा दिवस लागले. त्या काळात बाळाचे पोट एकदा फुगले आणि दूध बंद ठेवावे लागले. ते पावडरमुळेच झाले असे डॉक्टर म्हणाले नव्हते, म्हणून मीही म्हणत नाही. पण ते बारा दिवस मी विसरू शकत नाही.

वडीलधाऱ्यांचे मन मी जाणतो. बाळंतिणीला धक्का बसेल, दूध आटेल, ही त्यांची भीती प्रेमापोटीच असते. माझ्या मते मात्र आई लांब राहिली आणि दूध काढले गेले नाही, तर ते अधिक आटते. शिवाय एक गोष्ट लिहिण्यास जड जाते, पण लिहितो. आमच्या शेजारच्या पेटीतील बाळ वाचले नाही. शेवटच्या तासात सिस्टरांनी मॉनिटरचा आवाज बंद केला, पडदा ओढला, आणि घरून आणलेल्या दुपट्यात गुंडाळून ते त्याच्या आईच्या मांडीवर दिले. ती तेथे होती म्हणून तिला ते घेता आले. आमच्या पहिल्या पाच दिवसांत काही बरेवाईट झाले असते, तर माझ्या पत्नीने आपले मूल जिवंत पाहिलेच नसते, आणि हा निर्णय तिच्या वतीने मी घेतलेला असता.

आईला बाळाजवळ ठेवणे ही केवळ मायेची गोष्ट नाही. भारतासह ५ देशांत झालेला आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. १ किलो ते १.८ किलोपर्यंतच्या बाळांना, ती पूर्ण स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मानंतर लवकरात लवकर आईच्या उघड्या छातीशी ठेवले, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. स्वतः श्वास घेऊ न शकणारी बाळे त्यात घेतलेली नव्हती, त्यामुळे आपल्या बाळाला हे कधी चालेल ते डॉक्टरच सांगतील. आपण मात्र रोज विचारत राहावे. नंतर माझ्याही छातीशी त्याला दिले होते, तेव्हा वडिलांना हे जमत नाही असे कोणी म्हटले तर ऐकू नये.

आता आज काय करावे ते सांगतो. पत्नीला नातेवाइकांकरवी कळवू नका, स्वतः जाऊन खाटेजवळ बसून सांगा. बाळाचे दोन फोटो दाखवा: आधी नुसत्या हाताचा, मग नळ्यांसह पूर्ण. ‘सगळे ठीक आहे’ असे म्हणू नका, जेवढे डॉक्टरांनी सांगितले तेवढेच सांगा. कराडच्या डॉक्टरांना विचारा की तिला साताऱ्यात त्याच रुग्णालयात किंवा जवळपास कधी हलवता येईल. बाळ सरकारी रुग्णालयात असेल, तर आजारी अर्भकाचे उपचार एक वर्षापर्यंत मोफत असतात, हेही ध्यानात असू द्या. पुढे घरी सोडताना, एवढ्या लहान बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास करावी लागते, तिची तारीख लेखी मागून घ्या. आम्हाला ती फोन करून मिळवावी लागली होती.

आणि दूध आजपासूनच काढायला सुरुवात करा, दिवस-रात्र मिळून ८ वेळा, त्यांत रात्रीची एक वेळ चुकवू नका. पहिल्यांदा कदाचित चमचाभरही निघणार नाही; जे निघेल तेवढेही पाठवा. कोणत्या भांड्यातून आणायचे, ते साताऱ्याच्या सिस्टरांना फोनवर विचारून घ्या, कारण प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी असते. आम्हाला उकळलेली झाकणाची छोटी स्टीलची डबी चालली. तिच्यावर पट्टी चिकटवून आईचे नाव आणि दूध काढल्याची वेळ लिहीत असू, आणि बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवून मी ती मोटारसायकलवरून नेत असे.