नदीकाठची जुनी वाट बिल्डरने बंद केली, तर काय करता येतं?

तुमचा प्रश्न असा, की नाशिकच्या गंगापूर रोडला तुमच्या सोसायटीमागून गोदावरीवर उतरणारी जुनी पायवाट शेजारच्या प्लॉटवाल्याने पत्रे ठोकून बंद केली, काठ आपलाच असल्याचं तो सांगतो, आणि यावर काही इलाज आहे का. आहे. पण नदीवरून भांडू नका, वाटेवरून भांडा.

नदीचं पात्र सरकारचं असतं, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 20 मध्ये ते स्पष्ट आहे. काठ मात्र बऱ्याच ठिकाणी खासगी सातबाऱ्यात असतो. समुद्राला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम आहेत, आपल्या गोदावरीला ते लागू नाहीत. राज्याचं नदी नियंत्रण क्षेत्राचं धोरण होतं, तेही 2015 मध्ये रद्द झालं. त्यामुळे ‘गंगा (म्हणजे आपली गोदावरी) सगळ्यांची’ एवढंच म्हणत तुम्ही गेलात, तर समोरचा उतारा पुढे करतो आणि विषय तिथेच संपतो. आमच्या भागात नेमकं हेच झालं. पिढ्यानपिढ्या बायका ज्या वाटेने निर्माल्य घेऊन, गोधड्या धुवायला उतरायच्या, तिथे एका पावसाळ्यानंतर हिरवी जाळी आणि कुलूप दिसलं. कार्यालयात तोंडी उत्तर मिळालं, ‘खासगी जागा आहे.’ लेखी मागितल्यावर मात्र जुन्या नकाशातली वाट निघाली.

म्हणून पहिलं काम, भूमि अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयातून मूळ गाव नकाशाची नक्कल काढा. आज शहरात असलेली आनंदवल्ली, गंगापूर, मखमलाबाद ही सगळी एकेकाळची गावंच, त्यांचे जुने नकाशे आहेत. त्यात एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग. तुमच्या गटातून अशी रेष नदीपर्यंत जात असेल, तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. सोबत महापालिकेच्या नगररचना विभागातून त्या गटाचा विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि माहिती अधिकारात त्या प्लॉटचा मंजूर ले-आउट मागवा. मंजूर नकाशात रस्ता किंवा ओपन स्पेस दाखवायची आणि जागेवर भिंत बांधायची, हे प्रकार आपल्याकडे कमी नाहीत.

दुसरी गोष्ट पूररेषेची. सप्टेंबर 2008 चा पूर नाशिककर विसरलेले नाहीत. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी आहे. म्हणूनच तिथे आधी इमारत येत नाही. आधी रात्री ट्रकने राडारोडा पडतो, मग त्यावर माती, मग लॉन, मग गेट. भराव दिसला की दर आठवड्याला एकाच जागेवरून, मागे ओळखीची खूण येईल असा फोटो काढा, तारखेसह. हा मुद्दा फक्त तुमच्या फिरण्याच्या हक्काचा नाही. काठ उचलला की पाणी समोरच्या वस्तीत शिरतं, आणि ती वस्ती बहुधा गरिबांची असते. याचा मला फार राग येतो, आणि तक्रारीत ते ठळक लिहायलाच हवं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुदत. वाट शेतजमिनीतून किंवा शेताकडे जात असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. भरावासाठी पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात जायचं तरी मूळ मुदत सहा महिन्यांचीच. निवेदनं देत, नगरसेवकाच्या दारी चकरा मारत हा काळ सहज निघून जातो. पत्रे लागले त्या दिवसाचा फोटो, मेसेज, काहीही असेल ते आजच जपून ठेवा.

वकील म्हणाला की खासगी जागेतून लोकांना कसा हक्क, तर त्याला दोन निकाल दाखवा. 1996 मध्ये बियास नदीकाठच्या मोटेलवरून झालेल्या कमल नाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नद्या, किनारे ही सरकारने जनतेसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची संपत्ती आहे. आणि गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याला जाणारी लोकांची वाट हॉटेलच्या जागेत अडली होती, तेव्हा 2009 मध्ये त्याच न्यायालयाने ती मोकळी ठेवायला लावली.

वहिवाटीचा पुरावा म्हणजे माणसं. तिथल्या मूळ गावातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटा, कोळी बांधवांना भेटा, गुरं पाण्यावर नेणाऱ्यांना भेटा. त्यांची प्रतिज्ञापत्रं सोसायटीच्या ठरावापेक्षा जास्त वजनदार ठरतात, कारण फ्लॅटवाले दहा-पंधरा वर्षांचे आणि ते जन्मापासूनचे. खरं तर वाट आधी त्यांचीच आहे. त्यांना सोबत न घेता फक्त मॉर्निंग वॉकसाठी लढू नका.

बिल्डर बहुतेक तडजोडीला येईल. सकाळी दोन तास गेट उघडतो, वॉचमनला सांगून ठेवतो, असं म्हणेल. तोंडी मान्य करू नका. वाट मंजूर ले-आउटमध्ये सार्वजनिक रस्ता म्हणून दाखवून महापालिकेच्या ताब्यात द्यायला लावा. वॉचमन बदलतो, फ्लॅट विकले जातात, नकाशातला रस्ता राहतो. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे नदीकाठ सध्या सगळ्या खात्यांच्या डोळ्यांसमोर आहे, तेव्हा अर्ज याच महिन्यात द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.